फिरत्या त्रिकोणाची निगा

रविवारी सकाळी गाडी शेडमधून बाहेर काढायची, दारात धुवायची आणि पुन्हा आत लावायची. दोन्ही वेळा मिळून इंजिन मिनिटभरही चालत नाही. सोमवारी कामावर निघताना सेल्फ मारला की इंजिन नुसतेच गरगरते, पेट्रोलचा वास सुटतो आणि गाडी काही सुरू होत नाही. माझ्दा आरएक्स-८ नव्याने घेतलेल्या कितीतरी मालकांची रोटरी इंजिनाशी खरी ओळख अशी होते. मोठा बिघाड झाला असे वाटून ते घाबरतात. प्रत्यक्षात इंजिन पेट्रोलने भिजलेले असते. गॅरेजच्या बोलीत ते 'फ्लड' झालेले असते. थंड इंजिन सुरू होताना जादा पेट्रोल घेते. ते जळून जाण्याआधीच इंजिन बंद केले, तर उरलेले पेट्रोल प्लग भिजवते आणि आतल्या भिंतींवरचा तेलाचा थर धुऊन काढते. थर गेला की सील नीट टेकत नाहीत, दाब धरला जात नाही आणि मग ठिणगी पडूनही उपयोग होत नाही.

म्हणून नव्या मालकाने पहिली सवय लावून घ्यावी ती हीच: एकदा सुरू केलेले रोटरी इंजिन गरम झाल्याशिवाय बंद करू नये. गाडी चार हात सरकवायची असेल तर न्यूट्रलमध्ये ढकलावी. ढकलणे शक्य नसेल आणि सुरू करावीच लागली, तर तापमानाचा काटा आपल्या नेहमीच्या जागी येईपर्यंत चालू ठेवावी. जमल्यास एक फेरी मारून आणावी.

तरीही कधीतरी इंजिन फ्लड होतेच. अशा वेळी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि सेल्फ मारावा. पेडल तळाला टेकले की गाडीचा संगणक पेट्रोल सोडणे थांबवतो आणि आतली ओल हवेबरोबर बाहेर पडते. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये, मध्ये स्टार्टरला विसावा द्यावा. दोन-तीन प्रयत्नांत जमले नाही तर थांबावे, कारण याच्या पुढे फक्त बॅटरी उतरते. मग चारही प्लग काढून पुसायचे, इंधन पंपाचा फ्यूज काढून इंजिन मोकळे फिरवायचे, प्लगच्या भोकातून थोडेसे तेल सोडायचे, बॅटरी पूर्ण चार्ज करायची आणि पुन्हा प्रयत्न करायचा. सुरू झाल्यावर पांढरा-निळा धूर काही मिनिटे निघतो, तो त्या तेलाचा असतो. आरएक्स-८ च्या सुरुवातीच्या गाड्यांतला स्टार्टर या कामाला कमी पडत होता. कंपनीने पुढे जास्त ताकदीचा दिला. जुन्या गाडीत कोणता स्टार्टर आहे हे विचारून घ्यावे आणि जुना असेल तर बदलून टाकावा. या खर्चाचे समाधान प्रत्येक थंड सकाळी मिळते.

हे इंजिन एवढे वेगळे का वागते, हे समजले की बाकीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतात, व्हॉल्व्ह उघडतात-मिटतात. रोटरीत यांपैकी काहीच नाही. फुगीर बाजूंचा एक त्रिकोण, म्हणजे रोटर, कमरेत किंचित आवळलेल्या लंबगोल पोकळीत फिरतो. त्याच्या तीन बाजू आणि पोकळीची भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात. प्रत्येक कप्पा आळीपाळीने हवा-पेट्रोल आत घेतो, दाबतो, पेटवतो आणि धूर बाहेर टाकतो. रोटर एकदा फिरतो तेव्हा मधला शाफ्ट तीनदा फिरतो. आरएक्स-८ च्या इंजिनात असे दोन रोटर आहेत, प्रत्येकी ६५४ सीसीचे. एकूण १३०८ सीसी. एवढ्याशा इंजिनातून, जास्त ताकदीच्या आवृत्तीत, सव्वादोनशेहून अधिक अश्वशक्ती मिळते आणि टॅकोमीटरची लाल रेघ थेट ९००० फेऱ्यांवर असते.

या रचनेचा सारा भार त्रिकोणाच्या तीन टोकांवर बसवलेल्या पातळ पट्ट्यांवर असतो. त्यांना अपेक्स सील म्हणतात. त्या सतत भिंतीवर घासत धावतात, आणि कप्प्याकप्प्यांतला दाब त्यांच्याच जिवावर टिकतो. या पट्ट्यांनी एका कंपनीला जेरीस आणले आणि दुसरीला नाव मिळवून दिले. फेलिक्स वँकेल या जर्मन तंत्रज्ञाच्या कल्पनेवर एनएसयू कंपनीने काम केले आणि १९६७ मध्ये 'आरओ ८०' ही देखणी मोटार आणली. १९६८ ची युरोपातली सर्वोत्तम मोटार म्हणून ती निवडली गेली. पण सील लवकर झिजू लागले, हमीपोटी इंजिनांमागून इंजिने बदलून द्यावी लागली आणि १९६९ मध्ये एनएसयू फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली. हिरोशिमात माझ्दाच्या केनिची यामामोतो यांच्या हाताखालच्या ४७ अभियंत्यांपुढेही तोच प्रश्न होता. चाचणीच्या इंजिनांच्या भिंतींवर लाटांसारखे ओरखडे उठत. त्यांना ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. सीलचे साहित्य आणि घडण पुन्हा पुन्हा बदलून त्यांनी मार्ग काढला आणि १९६७ मध्येच 'कॉस्मो स्पोर्ट' विक्रीला आली. १९९१ मध्ये माझ्दाच्या चार रोटरच्या ७८७बी ने ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली.

ल माँचा हा विजय नव्या मालकाने नीट लक्षात घ्यावा. रोटरी इंजिन नाजूक असते ही समजूत त्या चोवीस तासांत खोटी ठरली. गरम झालेले, भरपूर तेल मिळणारे, सलग पळणारे रोटरी इंजिन फार काटक असते. त्याला मारतात ते थंड इंजिनाचे छोटे फेरे, सुकलेली डिपस्टिक, दुबळी ठिणगी आणि दुर्लक्षित रेडिएटर. म्हणजे मालकाच्या रोजच्या वागण्यातल्या गोष्टी.

तेलापासून सुरुवात करू. साध्या गाडीने तेल 'खाल्ले' की मालक काळजीत पडतो. रोटरीने तेल खाल्ले नाही तर काळजी करावी. अपेक्स सीलना वंगण मिळावे म्हणून एक मीटरिंग पंप इंजिनातले तेल थोडे थोडे थेट जळणाच्या कप्प्यात सोडत असतो, आणि ते पेट्रोलबरोबर जळून जाते. ही गळती नव्हे. इंजिन बांधलेच तसे आहे. त्यामुळे पाच हजार किलोमीटरनंतर सर्व्हिसिंगला गेल्यावर पाहू, ही सवय इथे घातक ठरते. दर दुसऱ्या वेळी टाकी भरताना डिपस्टिक काढून पाहावी. गाडी सपाट जागी असावी, इंजिन गरम करून बंद केलेले असावे, आणि तेल खाली उतरायला पाच मिनिटे दिलेली असावीत. आरएक्स-८ ची डिपस्टिक अडचणीच्या जागी आहे म्हणून अनेक जण ते टाळतात. त्याच ग्रेडचे लिटरभर तेल डिकीत कायम असू द्यावे.

तेल कोणते घालावे, यावर रोटरीचे चाहते रात्र रात्र वाद घालतात. खनिज तेल स्वच्छ जळते असा एक पक्ष, चांगले सिंथेटिकही चालते असा दुसरा. नव्या मालकाने या वादात न पडता आपल्या देशासाठीच्या हँडबुकात दिलेला ग्रेड वापरावा आणि तेल लवकर बदलावे, दर पाच हजार किलोमीटरच्या आसपास. हे तेल वंगणाबरोबर रोटरना आतून थंड करण्याचेही काम करते आणि पेट्रोलचा अंशही त्यात मिसळतो. भारी डब्यातले तेल पंधरा हजार किलोमीटर चालवण्यापेक्षा साधे, योग्य ग्रेडचे तेल वेळेवर बदलणे इंजिनाला मानवते.

काही मालक टाकीतल्या पेट्रोलमध्ये थोडे टू-स्ट्रोक तेलही मिसळतात. दर लिटरला तीन-चार मिलिलिटर, एवढेच. आरएक्स-८ च्या सुरुवातीच्या इंजिनांत सीलच्या मधल्या भागाला तेल कमी पोहोचते असा अनुभव होता, आणि २००९ च्या सुधारित इंजिनात कंपनीने तेल सोडणाऱ्या तोट्या वाढवल्या, हे पाहता या सवयीमागे तर्क आहे. मात्र अंदाजाने ओतलेले तेल प्लग आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करते. मिसळायचेच तर कमी राख देणारे तेल, मोजून. आधीच्या मालकाने मीटरिंग पंप काढून टाकला असेल, तर मात्र ही ऐच्छिक गोष्ट राहत नाही. प्रत्येक टाकीत तेल मिसळलेच पाहिजे. माझ्दाचीच आधीची रोटरी गाडी, आरएक्स-७, घेताना हा प्रश्न न विचारल्यामुळे इंजिने वाया जातात.

आता सर्वात महागडी साखळी, जिची सुरुवात अगदी स्वस्त भागापासून होते. आरएक्स-८ मध्ये चार प्लग आणि चार इग्निशन कॉइल आहेत. प्रत्येक रोटरला खाली 'लीडिंग' आणि वर 'ट्रेलिंग' असा एकेक प्लग. दोन्ही प्रकारचे प्लग वेगळे असतात, एकाच्या जागी दुसरा चालत नाही. बसवताना फिटरच्या शेजारी उभे राहून पाहावे. कॉइल इंजिनाच्या उष्णतेत राहून थकतात, आणि पन्नास हजार किलोमीटरच्या आतच ठिणगी दुबळी होऊ लागते. गाडी बंद पडत नाही, म्हणून मालकाला पत्ता लागत नाही. पिकअप किंचित मंदावतो, ॲव्हरेज घटते, वरच्या फेऱ्यांत गाडी मिसिंग करते. न जळलेले पेट्रोल धुराबरोबर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते आणि तिथे पेटते. कन्व्हर्टर लाल होईपर्यंत तापतो, आतली जाळी वितळते, वाट बुजते. मग गरम धूर इंजिनातच तुंबतो आणि सीलवर उष्णतेचा मारा होतो. सुरुवात एका कॉइलने झालेली असते, शेवट इंजिन उघडण्यात होतो.

त्यामुळे जुनी आरएक्स-८ घेतली आणि कॉइल-प्लग बदलल्याची पावती मिळाली नाही, तर चारही कॉइल, चारही प्लग आणि वायरी पहिल्याच आठवड्यात नव्या घालाव्यात. एकच बिघडलेली कॉइल बदलून भागवू नये. चौघीही सारख्याच वयाच्या असतात. रस्त्यात चेक-इंजिनचा दिवा स्थिर लागला तर गाडी सावकाश घरी न्यावी, पण तो लुकलुकू लागला तर ॲक्सिलरेटर सोडून बाजूला थांबावे. मिसिंगमुळे कन्व्हर्टर जळू लागल्याची ती सूचना असते. कन्व्हर्टर काढून सरळ पाइप बसवण्याचा सल्ला देणारे गॅरेजवाले सर्वत्र भेटतात. बहुतेक देशांत रस्त्यावरच्या गाडीसाठी ते बेकायदा आहे, आणि त्याने मूळ रोग बराही होत नाही.

उष्णतेचा दुसरा शत्रू पाण्याच्या बाजूने येतो. रोटरीत जळण नेहमी पोकळीच्या एकाच बाजूला होते. अर्धा भाग जाळावर आणि अर्धा चुलीबाहेर असलेल्या तव्यासारखी इंजिनाची एक बाजू कायम तापलेली आणि दुसरी त्या मानाने थंड राहते. शिवाय मधली हाउसिंग ॲल्युमिनियमची आणि बाजूच्या प्लेट ओतीव लोखंडाच्या. दोन धातू तापल्यावर वेगवेगळे प्रसरण पावतात आणि त्यांच्यामधले पाण्याचे रबरी सील त्यात सापडतात. एकदाच नीट ओव्हरहीट झालेले इंजिन पुढे कूलंट पिऊ लागते: सकाळी पांढरा धूर, गोडसर वास, टाकीतली पातळी विनाकारण खाली.

आणि इथे डॅशबोर्ड मालकाला फसवतो. आरएक्स-८ चा तापमानाचा काटा एकदा मध्यावर आला की बऱ्याच मोठ्या टप्प्यात तिथेच उभा राहतो. तो हलतो तेव्हा नुकसान होऊन गेलेले असते. गाडीच्या ओबीडी सॉकेटमध्ये बसणारे छोटे यंत्र आणि फोनवरचे ॲप, एवढ्या किरकोळ खर्चात खरे तापमान अंशांत दिसते. ऐंशी ते पंचाण्णवच्या दरम्यान चालणारे इंजिन समाधानी असते. शंभराच्या पुढे सरकू लागले की वेग कमी करावा, एसी बंद करावा. कूलंट हँडबुकात सांगितलेलाच घालावा, नळाचे पाणी नको. रेडिएटरची जाळी आणि समोरच्या बंपरमागचे ऑइल कूलर यांत पाने-माती साचते. ती पावसाळ्यानंतर साफ करावी. कूलंटची प्लास्टिकची बाटली आणि तिचे झाकण वयपरत्वे चिरते. हा भाग फुटायची वाट पाहू नये.

रोटरी हळू चालवली की जास्त टिकते, हाही एक गैरसमज. सदैव दोन हजार फेऱ्यांवर बाजारात फिरणाऱ्या गाडीत काजळी साचते. आरएक्स-८ मध्ये धूर बाहेर जाण्याच्या वाटा बाजूच्या प्लेटमध्ये आहेत, म्हणून काजळी बाजूच्या सीलना जखडते आणि इनटेकच्या वाटेवरच्या झडपाही अडकतात. मग वरच्या फेऱ्यांतला जोर नाहीसा होतो. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, मोकळ्या रस्त्यावर, रोज एकदा तरी लाल रेघेच्या जवळ न्यावे, हा जुन्याजाणत्या मालकांचा नियम शास्त्राला धरून आहे. मात्र थंड इंजिन रेस करणे हा गुन्हाच. पहिली दहा मिनिटे चार हजारांच्या खाली राहावे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर आठवड्याला दोन मिनिटे सुरू करून ठेवण्यात भले नाही. पंधरवड्याने अर्धा तास चालवून आणावी.

आधी गाडी घेऊन मग तपासणी करणाऱ्यांची संख्या मोठी आहे, तेव्हा खरेदीबद्दल स्पष्ट सांगायला हवे. रोटरीचे आरोग्य कंप्रेशन टेस्टवरून कळते, आणि ती टेस्ट रोटरीसाठीच्या यंत्रावर व्हावी लागते. पिस्टन इंजिनाचा साधा गेज तीन कप्प्यांपैकी फक्त सर्वाधिक दाब दाखवतो. दोन कप्पे मेलेले असले तरी आकडा ठीक दिसतो. रोटरी टेस्टरवर दोन रोटरचे मिळून सहा आकडे येतात. इंजिन गरम, बॅटरी पूर्ण चार्ज, आणि आकडे २५० फेऱ्यांच्या हिशेबात मांडलेले, तरच तुलना करता येते. आरएक्स-८ च्या नव्या इंजिनाचा दाब सुमारे ८३० किलोपास्कल असतो. ६८० च्या खाली गेला की इंजिन काम निघाले असे समजावे. एकाच रोटरच्या कप्प्यांत १५० पेक्षा जास्त फरक असू नये, दोन रोटरमध्ये १०० पेक्षा जास्त नसावा. यंत्र हाताशी नसेल तर घरगुती चाचणी अशी: गाडी वीस-पंचवीस मिनिटे चालवावी, बंद करावी, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करावी. गरम इंजिन लांबलचक सेल्फ मागत असेल तर दाब ओसरलेला असण्याची शक्यता मोठी. विकणाऱ्याने गाडी आधीच गरम करून ठेवली असेल किंवा गरम असताना बंद करायला नकार दिला, तर तिथून निघावे.

अमेरिकेत माझ्दाने २००४ ते २००८ च्या आरएक्स-८ च्या इंजिनाची हमी वाढवून ८ वर्षे किंवा १ लाख मैलांपर्यंत नेली होती. ती मुदत आता संपलेली आहे. पण त्या काळात कंपनीने इंजिन बदलून दिले होते का, हे जुन्या नोंदींतून कळते आणि किंमत ठरवताना उपयोगी पडते. याच गाड्या ताकाता एअरबॅगच्या जगभरच्या रिकॉलमध्येही सापडल्या होत्या. चासिस नंबर देऊन एअरबॅग बदलली आहे का ते पाहावे. ही बाब इंजिनाच्याही आधीची आहे. तिच्यात जिवाचा प्रश्न आहे.

आरएक्स-७ च्या तिसऱ्या पिढीची, १९९१ नंतरची गाडी घेणाऱ्याने वरील सगळ्यात टर्बोची भर घालावी. तिच्यात एकामागून एक चालू होणारे दोन टर्बो आहेत आणि त्यांचा कारभार बारीक व्हॅक्यूम नळ्यांच्या जाळ्यावर चालतो. तीस वर्षांच्या उष्णतेने या नळ्या कडक होऊन तडकतात. एक नळी सुटली तरी बूस्टचे गणित बिघडते आणि इंजिनात डिटोनेशन, म्हणजे अवेळी स्फोट, होऊन अपेक्स सील तुटतो. सिलिकॉनच्या नव्या नळ्या, कूलंटमधली हवा वेगळी करणाऱ्या प्लास्टिकच्या टाकीऐवजी ॲल्युमिनियमची टाकी, आणि जोरात चालवल्यावर बंद करण्याआधी मिनिट-दोन मिनिटे शांत चालू ठेवणे: या तीन गोष्टी आधी.

भारतात माझ्दाने प्रवासी मोटारी अधिकृतपणे कधी विकल्या नाहीत. इथल्या लोकांना हे नाव स्वराज माझ्दाच्या ट्रकांमुळे आणि मिनीबसमुळे ठाऊक. रोटरी गाड्या इथे आल्या त्या खासगी आयातीतून, मोजक्याच. मुंबई-पुण्यात अशी गाडी सांभाळणाऱ्याने दोन गोष्टी जास्त पाहाव्यात. एक, कॉइल, प्लग, थर्मोस्टॅट आणि सील यांचा एक संच आधीच मागवून कपाटात ठेवावा, कारण पार्सलची वाट पाहत गाडी महिनोन् महिने उभी राहते. दुसरी, पेट्रोल. या गाड्या घडल्या तेव्हा वीस टक्के इथेनॉल कुणाच्या हिशेबात नव्हते. जुन्या रबरी नळ्या आणि इंधन पंपाचे सील दरवर्षी तपासावेत, आणि टाकीत पेट्रोल महिनोन् महिने पडू देऊ नये. अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या मराठी तरुणांना जुनी आरएक्स-८ तिथल्या बाजारात स्वस्तात मिळते. ती स्वस्त का मिळते, हे आता त्यांच्या ध्यानात आले असेल. तिथे रोटरीवरच काम करणारी गॅरेजे आहेत; गाडी घेण्याआधी आपल्या गावाजवळचे गॅरेज शोधावे.

पहिल्या वर्षाचे पैसे कुठे घालायचे, याचा क्रमही ठरलेला असावा: कंप्रेशन टेस्ट, कॉइल-प्लग, बॅटरी आणि स्टार्टर, रेडिएटर आणि कूलंट, मग टायर-ब्रेक. मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट, चकचकीत रिम, संगणकाचे ट्यूनिंग हे सारे दुसऱ्या वर्षी. टेस्टचे सहा आकडे, तेल घातल्याच्या तारखा आणि किलोमीटर एका वहीत लिहून ती गाडीतच ठेवावी. पुढच्या वर्षी पुन्हा टेस्ट करून आकडे शेजारी मांडावेत. दाब उतरत असेल तर इंजिन रस्त्यात बंद पडण्याआधीच ते वहीत दिसते, आणि वेळेवर उघडलेल्या इंजिनाची हाउसिंग बहुधा पुन्हा वापरता येते.